सतरंज्या कोणी धुतल्या

“मदत हा शब्द या घरात परत काढायचा नाही. मदत पाहुणा करतो, नाहीतर शेजारी करतो. तू कोण आहेस? पाहुणा की शेजारी?”

साइलाच्या एका हातात लापशीचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात डाव. आर्त्तू दारात उभा होता, त्याच्या दोन्ही हातांत रूतचे मोजे, एका हातात लोकरीचे, एका हातात सुती. त्याने एवढंच विचारलं होतं की यातले कुठले घालू.

“मी फक्त विचारलं,” तो म्हणाला.

“तेच तर. तू विचारतोस, मी सांगते, मग तू करतोस, आणि लोक म्हणतात काय गुणाचा नवरा मिळालाय. सांगायचं काम कोणाच्या खात्यात जातं रे?”

रूत जमिनीवर बसून चमचा चाटत होती. दीड वर्षाची पोरगी. आईबाप भांडायला लागले की एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची, बाजारात भाव चाललाय आणि आपल्याला काहीच घ्यायचं नाहीये अशी.

आता आर्त्तू आळशी होता असं कोणी म्हणू नये. कोत्का या बंदराच्या गावातल्या कागदाच्या गिरणीतून त्याने पोरीसाठी निम्मी सुट्टी घेतली होती, साइलाची निम्मी संपली तशी याची सुरू झाली, कागदावर अगदी सुरीने कापल्यासारखं अर्धं-अर्धं. लंगोट बदलायचा, मासे भाजायचा, केर काढायचा. पण पोरीला पुढच्या हिवाळ्यात कितीचे बूट लागतील, अंगावर पुरळ आलं की कुठली ट्यूब लावायची, पावसाची विजार ओली असली तर दुसरी कुठल्या कपाटात आहे, हे सगळं साइलाच्या डोक्यात राहायचं. आर्त्तूला काही हवं असलं की तो त्या डोक्याचं दार उघडून काढून घ्यायचा आणि दार उघडंच टाकून जायचा.

त्यातून झोप नाही. जूनमध्ये इथे अंधार पडतच नाही. पडदा कितीही ओढा, कडेने उजेड आत येतोच. रूत त्या उजेडात उठून बसायची आणि गप्पा मारायची. त्यामुळे त्या घरात सकाळ झाली असं कधी वाटायचंच नाही. कालचाच दिवस पुढे वाहत राहिलाय असं वाटायचं.

साइलाने पातेलं खाली ठेवलं आणि फ्रिजजवळ गेली. तिची एक सवय होती. फ्रिज सुरू झाला, आतून घुं असा आवाज यायला लागला की ती त्याच्यावर तळहात टेकवून उभी राहायची. डोळे मिटून. आर्त्तूने हे बरेचदा पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. हा एक प्रश्न तो विचारत नसे, कारण उत्तर माहीत होतं. पोटात रूत येईपर्यंत साइला मालवाहू बोटीवर होती, इंजिनावर. तीन आठवडे पाण्यात, तीन आठवडे घरी. पायाखाली सतत काहीतरी घुमत असायचं. ते थांबल्यापासून ती घरात अशी वावरायची जसं घरातलं घड्याळ बंद पडलंय आणि ते फक्त तिलाच कळलंय.

“काल बोटीवरून फोन आला होता,” ती फ्रिजकडे तोंड करूनच म्हणाली. “थर्ड इंजिनिअरची जागा रिकामी झालीय. आज चारपर्यंत कळवायचंय.”

“मग?”

“मग काय. नाही म्हणणार. मी तिथे इंजिन बघू की तुझे मोजे बघू? समुद्रात मधेच रेंज जाते, आर्त्तू. तू विचारशील आणि पलीकडे कोणी नसेल.”

हे मात्र त्याला लागलं. माणूस आळशी नसला आणि त्याला आळशी म्हटलं तर तो हसतो. पण माणूस खरंच लंगडा असला आणि त्याला लंगडा म्हटलं की तो उसळतो. आर्त्तू उसळला. म्हणाला, आज दिवसभर एक प्रश्न विचारणार नाही. तू जा कुठेतरी. फोन जवळ ठेव, मी काही विचारायला केला तर सांग बोटीवाल्यांना नाही म्हणून.

साइला वळली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोज्यांसकट.

“पुढच्या आठवड्यात युहान्नुस आहे,” ती म्हणाली. “सतरंज्या धुवायच्या राहिल्यात. त्याही होतील?”

होतील, तो म्हणाला.

युहान्नुसला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब दिवसाला, घरात मळकी सतरंजी ठेवून बसणारं घर त्या गावात नाही. साइलाने डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली. चारच्या जरा आधी धक्क्यावर येईन म्हणाली. सतरंज्या धुतलेल्या असल्या आणि फोन वाजला नसला तर ती बोटीला हो म्हणणार होती. दारात तिचे ओठ हलले. लोकरीचे की सुती, ते सांगायला. मग तिने ओठ मिटले आणि जिना उतरून गेली.

आर्त्तूने लोकरीचे घातले. मग काढून सुती घातले. मग सुतीवर लोकरीचे घातले. रूत हसली.

*

त्याच्याकडे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल होती. पेटीत त्याने घरातल्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून भरल्या, चिंध्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, आणि त्या ढिगावर रूतला बसवलं. उतारावरून सायकल सुटली तेव्हा ती राणीसारखी दिसत होती. समुद्र पांढरा होता. आकाशही पांढरं. मधली रेघ कोणीतरी खोडून टाकली होती, त्यामुळे लांबची बेटं पाण्यात आहेत की हवेत, काही समजत नव्हतं. आर्त्तूला वाटलं आपण अजून झोपेतच आहोत आणि सायकल आपोआप चाललीय.

सतरंज्यांचा धक्का गिरणीच्या पलीकडे. लाकडी फळ्यांचा, त्यावर ओळीने लांबट टेबलं, प्रत्येकाला नळ, कोपऱ्यात पिळायचा चरक आणि मागे वाळत घालायचे दांडे. सगळीकडे पाइनच्या साबणाचा वास. तो वास असा आहे की नाकात गेला की माणूस लहान होतो. आर्त्तू लहान झाला, आणि लहान झाल्या झाल्या त्याच्या लक्षात आलं की आपण ब्रश आणला नाही. साबणही नाही.

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. आपोआप. खाज सुटल्यावर जातो तसा. त्याने हात रिकामाच परत बाहेर काढला.

“काय रे पोरा, बायको आजारी आहे का?”

राइली नावाची म्हातारी होती ती. दंडावर गोटीसारखे स्नायू, डोक्यावर तरण्या पोरीसारखी गुलाबी टोपी. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण क्युलिकी, तिच्याहून म्हातारी आणि तिच्याहून मोठ्या आवाजाची.

आजारी नाही, आर्त्तू म्हणाला.

“मग पळाली असेल,” क्युलिकी म्हणाली. “पळाली तर लवकर सांग, माझी भाची मोकळी आहे.”

दोघी खिदळल्या. मग त्यांनी पेटीत पाहिलं, सतरंज्या पाहिल्या, वर पोरगी पाहिली, आणि दोघींचे चेहरे एकदम लोण्यासारखे झाले. स्वतः आलास, एकटा, पोरीला घेऊन, आणि ब्रश विसरलास! ब्रश विसरला हे तर त्यांना इतकं गोड वाटलं की विचारू नका. बाई ब्रश विसरली असती तर तिची अक्कल काढली असती. पुरुष विसरला तर ओवाळायचं बाकी ठेवलं.

राइलीने आपला ब्रश दिला. आर्त्तूने पहिली सतरंजी टेबलावर पसरली, पाणी सोडलं, साबण ओतला आणि घासायला लागला. असं नाही रे, राइली म्हणाली, आडवं घासतोयस, पट्ट्या वर येतील. तिने दाखवण्यासाठी ब्रश हातात घेतला. एकदा घेतला तो घेतलाच. तेवढ्यात रूतने किरकिर केली. क्युलिकी म्हणाली, तू पोरीला घे बाबा, तिला तू हवायस, हे होतं आमचं हातासरशी.

आर्त्तू धक्क्याच्या कडेला बसला. रूतला मांडीवर घेतलं. कोणीतरी त्याच्या हातात कॉफीचा कप दिला, कोणीतरी वेलदोड्याचा पाव दिला. मागे ब्रश चालत होते, खर्र खर्र, एका लयीत, जशी दोन माणसं एकच होडी वल्हवतायत. रूतचं डोकं त्याच्या छातीवर जड झालं. ती झोपली. तिच्या केसांना लापशीचा वास येत होता.

पाणी फळ्यांखाली चुळुक चुळुक करत होतं. उजेड त्याच्यावरून घसरून आर्त्तूच्या डोळ्यांत येत होता, मिटले तरी आत येत होता. त्याने मिटले. त्याला वाटलं तो एका लांबलचक सतरंजीवर पालथा पडलाय आणि सतरंजी पाण्यावरून चाललीय, बेटांच्या मधून, हळू. खाली मासे आहेत. मागे सुकाणूला कोणीतरी बसलंय. त्याला मागे वळून बघायची गरज नव्हती, कोणीतरी असतंच मागे, आयुष्यभर असतं. सतरंजी कुठे वळवायची, केव्हा थांबवायची, थंडी वाजेल का, खायला काय, ते सगळं मागच्याला माहीत. आपण फक्त पडून राहायचं आणि अधूनमधून विचारायचं. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. असं बरं की त्यातून उठूच नये. मग त्याला स्वप्नातच वाटलं की मागे कोणी नाहीये. त्याने विचारलं, अजून किती लांब? कोणी बोललं नाही. फक्त पाण्याच्या खालून घुं असा आवाज यायला लागला, आणि तो लांब लांब जायला लागला.

*

तो जागा झाला तेव्हा मान आखडली होती आणि कॉफी गार झाली होती. मागे दांड्यांवर त्याच्या सतरंज्या लटकत होत्या. ओल्या, चकचकीत, खालून टपटप गळत. एक सोडून सगळ्या.

राइली हात पुसत होती. झोप रे, ती म्हणाली, एकच राहिलीय, मोठी, ती पण उरकतो. आईच्या मायेने म्हणाली. त्या दोघींना आता कंबर सरळ करता येत नव्हती, पण चेहऱ्यावर कसलं तरी समाधान होतं.

आर्त्तूने हसून मान डोलावली. पुन्हा डोळे मिटणार तेवढ्यात त्याचं लक्ष धक्क्याच्या टोकाकडे गेलं.

तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई होती, साइलाच्या वयाची. तान्हं मूल पाठीला बांधलेलं, दुसरा चार-पाच वर्षांचा मुलगा तिच्या पायात घुटमळत होता. ती घासत होती. केस तोंडावर येत होते, ते ती मनगटाने मागे सारायची आणि कपाळावर फेस लागायचा. तिच्या टेबलावर कॉफी नव्हती. पाव नव्हता. ती केव्हापासून होती तिथे? आर्त्तू आला तेव्हा पण असणार. पण तो आला तेव्हा सगळ्यांनी त्यालाच पाहिलं होतं, त्याने स्वतःसुद्धा.

तिनेही मान वर केली. त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

“चांगली आहे का कॉफी?” तिने विचारलं. “मी दर उन्हाळ्यात येते इथे. कशी असते ते माहीत नाही मला.”

रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. तिने पुन्हा मान खाली घातली आणि खर्र खर्र सुरू केलं.

आर्त्तूच्या कानशिलात गरम झालं. त्याने दांड्यांकडे पाहिलं. सतरंज्या धुतल्या होत्या, फोन एकदाही वाजला नव्हता. पैज जिंकल्यात जमा होती. आणि त्याने सकाळपासून केलं काय होतं? पोरीला मोजे घातले होते. दोन्ही जोड.

तो उठला. झोपलेल्या रूतला सायकलच्या पेटीत स्वतःच्या कोटावर अलगद ठेवलं. राइलीने मोठी सतरंजी टेबलावर ओढली होती, ब्रश उचलला होता. आर्त्तूने सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

“ही नको, राइली. ही मी धुतो.”

“अरे बस रे.”

“नको.”

राइलीचं तोंड पडलं. काय चुकलं का आमचं, तिने विचारलं. क्युलिकी मोठ्याने म्हणाली की माझ्या नवऱ्याला मेला तोवर धक्का कुठे आहे ते माहीत नव्हतं, आणि हा बघा, हा नको म्हणतोय. दोघी दुखावल्या. आर्त्तूला वाईट वाटलं. पण त्यांना समजावत बसलो तर त्या ब्रश घेऊन घासतच राहतील हेही त्याच्या ध्यानात आलं. तो टोकाच्या टेबलाकडे गेला आणि त्या बाईकडे ब्रश मागितला. तिच्याकडे दोन होते.

“परत दे,” ती म्हणाली.

“देतो. नाव काय तुझं?”

“आधी सतरंजी धू.”

*

ती मोठी सतरंजी त्याच्या आईने घरातल्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या काढून विणलेली होती, लग्नात दिलेली. आर्त्तू रोज तिच्यावरून चालायचा. कधी बघितली नव्हती. आता पाणी पडलं तसे एकेक रंग जागे झाले. हा निळा चौकडीचा पट्टा बापाचा शर्ट. हा पिवळा, बदकांचा, आर्त्तूचा स्वतःचा झोपायचा सदरा. हा हिरवा बैठकीचा पडदा. ही पांढरी चादर, हा भावाचा पायजमा. तो घासत पुढे सरकत गेला. हाताखालून सगळं घर जात होतं, एकेक माणूस, एकेक उन्हाळा. फेसातून शर्ट वर यायचे आणि पुन्हा बुडायचे. आई कुठेय, तो शोधायला लागला. तिचा एक करडा झगा होता, आणि मोठ्या फुलांचा एक. तो टोकापर्यंत घासत गेला. आईचा एकही पट्टा त्यात नव्हता.

मग त्याला आठवलं. आईचे कपडे सतरंजीपर्यंत पोचायचेच नाहीत. ती ते विरेपर्यंत घालायची आणि विरल्यावर त्यांनी फरशी पुसायची. आणि बाप दर शनिवारी सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, लाकडं फोडायचा, आत जाऊन ओरडायचा की चला, तयार आहे. सगळे म्हणायचे, सॉना बाबांनी केला. टॉवेल कुठून यायचे, कोणी विचारायचं नाही.

त्याचे हात जळत होते. साबणाने सालं निघाल्यासारखी झाली होती. पाठीला कळ लागली होती. पण घासताना एक प्रकारची गुंगी चढते, खर्र खर्र, तिच्यात तो खोल उतरला होता, आणि म्हणून रूत उठून पेटीतून उतरलेली त्याला दिसलीच नाही. तिने टेबलाखाली लोंबणारी झालर पकडली आणि ओढली. ओल्या साबणावर सतरंजीला काय, निमित्तच हवं होतं. सुळकन सरकली, फळ्यांवर पडली, काठावरून वळली आणि पाण्यात गेली.

बुडाली नाही. पाण्यावर आपोआप पसरली, सगळे पट्टे उघडले, भोवती फेसाची किनार. आणि संथपणे निघाली. बापाचा शर्ट, बदकं, पडदा, चादर, सगळे एका रांगेत, बेटांच्या दिशेने. इतकी सुंदर दिसत होती की क्षणभर आर्त्तू नुसता बघत राहिला. रूत म्हणाली, “टाटा.”

मग धक्क्यावर कल्लोळ झाला. राइली म्हणे काठी आण, क्युलिकी म्हणे पोरीला धर आधी, कोणी म्हणे होडी बोलवा. दोघी म्हाताऱ्या धावल्या, एक पोरीकडे, एक पाण्याकडे. आर्त्तूने पोरीला आधी उचललं, पेटीत बसवलं, पट्टा लावला, तिच्या हातात पावाचा तुकडा दिला. मग तसाच, बुटांसकट, काठावरून पाण्यात उतरला.

जूनमधला समुद्र म्हणजे थंडी जिथून निघून जायला विसरलीय अशी एक जागा. मांड्यांपर्यंत पाणी आलं तसा त्याच्या तोंडून श्वासच निघेना. त्याने झालर पकडली. सतरंजी ओढत परत निघाला. ओली सतरंजी काय जड असते ते ओढल्याशिवाय समजत नाही. ती मागे खेचत होती, हा पुढे खेचत होता. धक्क्यावर शेवटी टोकाच्या टेबलावरच्या बाईने हात दिला. वर आल्यावर दोघांनी मिळून ती दांड्यावर टाकली. पिळायची राहिलीच. तिच्यातून धबधबा पडत होता.

“पेत्रा,” ती बाई म्हणाली, आणि आपला ब्रश घेऊन गेली.

*

चारला थोडा वेळ होता तेव्हा साइला उतारावरून आली. रुमाल हातात, केस वाऱ्यात. दिवसभर ती काय करत होती कोणास ठाऊक, पण चेहरा धुतलेल्या काचेसारखा दिसत होता. ती दांड्यांपाशी थांबली. एकेका सतरंजीवरून बोट फिरवत चालत गेली. चालता चालता तिची चाल बदलली, हलकी झाली. आर्त्तूला ते लांबूनही दिसलं. मनाने ती आत्ताच बोटीवर चढत होती.

“सगळ्या?” तिने विचारलं.

आर्त्तूने तोंड उघडलं, पण राइली आधी बोलली. सगळ्या, ती म्हणाली, एकट्याने, हात बघ त्याचे. क्युलिकीने मान हलवली आणि साइलाच्या पाठीमागून आर्त्तूला डोळा मारला. रुसवा विसरून त्या त्याला वाचवत होत्या. त्यांनी असे किती पुरुष वाचवले असतील, वर्षानुवर्षं, हसत हसत, आणि त्यांच्या बायकांना काय काय वाटलं असेल.

साइला आर्त्तूकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत असं काहीतरी होतं जे त्याने रूत जन्मल्यापासून पाहिलं नव्हतं. विश्वास होता तो. फुकटचा. गप्प बसलं की पुरे होतं. ती हो म्हणेल, जाईल, तीन आठवडे शांत झोपेल, आणि इकडे हा पुन्हा कोणत्या तरी राइलीच्या पदराखाली बसेल. मग एक दिवस रूतला ताप येईल.

“नाही,” तो म्हणाला. “या सगळ्या राइलीने आणि क्युलिकीने धुतल्या. मी कॉफी पीत होतो. मग झोपलो. ती मोठी, ती मी धुतली.”

राइलीने कपाळावर हात मारला. साइलाने मोठ्या सतरंजीचा कोपरा हातात घेतला आणि पिळला. बोटांमधून पांढरा फेस आला.

“साबण तसाच आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि समुद्राचा वास येतोय हिला.”

“समुद्रात गेली होती.”

ती त्याच्या विजारीकडे बघत राहिली. पाणी अजून गळत होतं, त्याच्या बुटांभोवती तळं झालं होतं. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते सांगता येणार नाही. ढग गेल्यावर बेटं कशी एकदा काळी, एकदा सोनेरी होतात, तसं काहीतरी. आर्त्तूला वाटलं, संपलं. आता ती फोन करेल आणि नाही म्हणेल, आणि उद्यापासून फ्रिजला हात लावून उभी राहील.

“तू सांगितलं नसतंस तर मला समजलंच नसतं,” ती हळूच म्हणाली. “बोटीवर गेल्यावर समजलं असतं. मधेच कुठेतरी, पाण्यात.”

“म्हणून सांगितलं.”

तिने फोन काढला. नंबर लावला. घंटी वाजत होती ती त्यालाही ऐकू येत होती. वारा फिरला होता, गिरणीकडून समुद्राकडे, आणि पेटीत रूत कुरकुरायला लागली होती. आर्त्तू तिच्याकडे गेला. मोजे भिजले होते तिचे, दोन्ही जोड, पाव खालच्या कोटात चुरडला होता. डोळे चोळत होती. त्याने मोजे काढले, तिचे पाय स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळले. बर्फ झाले होते पाय. चार वाजले म्हणजे जेवणाची वेळ कधीच उलटून गेली होती, आणि घरी उकडलेले बटाटे होते, मासा होता, ते त्याला आठवलं. कोणी न सांगता आठवलं, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही, कारण त्याचं लक्ष पायांकडे होतं.

पलीकडे कोणीतरी फोन उचलला. साइलाने आपलं नाव सांगितलं. मग ती थांबली. फोनवर हात ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

“आर्त्तू, तिला खायला काय—”

“ते लोक फोनवर थांबलेत, साइला,” तो सायकलवर टांग टाकत म्हणाला. “हिचे पाय गारठलेत आणि हिला भूक लागलीय. मला आता निघायला हवं.”